अम्मीचा भात आणि राइस कुकर

मार्चमधल्या एका दुपारी मी वर्गात असताना शेजारच्या काकूंचा फोन आला. "सर, घाबरू नका. गॅस मी बंद केलाय." अम्मीने भाताचं पातेलं चढवलं होतं. तेवढ्यात जोहरची वेळ झाली, आणि नमाजनंतर ती तस्बीह घेऊन मुसल्ल्यावरच बसून राहिली. भाताचा कोळसा झाला. परळच्या आमच्या चाळीत घरातला धूर गॅलरीत जायला वेळ लागत नाही आणि शेजाऱ्यांना घरात यायलाही. म्हणून निभावलं.

संध्याकाळी मी जाहीर केलं, राइस कुकर आणायचा. अम्मीने एकच विचारलं, "माझ्या मदतीला आणतोस की माझ्या जागी?"

मला उत्तर देता आलं नाही. तिने स्वयंपाकघरात पाऊलच टाकू नये, असं त्या क्षणी माझ्या मनात होतं.

घरात प्रेशर कुकर आहे. पण अम्मीच्या बोटांचे सांधे दुखतात, त्याचं झाकण तिला लावता येत नाही. शिट्ट्या मोजण्यात चूक होते ती वेगळीच. शिवाय कुकरचा भात तिला कधी आवडलाच नाही.

रविवार गाठून क्रॉफर्ड मार्केटजवळच्या लोहार चाळीत गेलो. दुकानदाराने विचारलं, "माणसं किती?" चार, मी म्हणालो. "तांदूळ कुठला?" इथे अडलो. शेहेचाळीस वर्षं रोज भात खाल्ला आणि घरात तांदूळ कुठला येतो हे ठाऊक नाही! अम्मीला फोन लावला. "रोजचा कोलम, पेजेला उकडा, बिर्याणीला बासमती. मास्तर ना तू?"

दुकानदार बटणांचं, पडद्यावर आकडे दाखवणारं महागडं यंत्र पुढे सरकवत होता. मी साधं मागितलं. दोघातिघांना एक लिटरचा पुरतो, आमच्यासारख्या चौघांना आणि अधूनमधून येणाऱ्या पाहुण्यांना 1.8 लिटरचा बरा. तो साधारण 700 वॉटचा असतो. अर्धा तास चालला तर वीज एक तृतीयांश युनिटच्या आसपास. मात्र प्लग तीन पिनांचा, म्हणून आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेतलं. जुन्या चाळीत राहणाऱ्यांनी हे टाळू नये. आतलं भांडं काळ्या लेपाचं असेल तर भात चिकटत नाही, पण स्टीलचा चमचा घातला की लेप खरवडून निघतो. लाकडी उलथनं वापरायचं.

हे यंत्र चालतं कसं, तेही समजून घेतलं. भांड्यात पाणी आहे तोवर तापमान शंभर अंशांच्या वर फारसं जात नाही. तांदळाने पाणी शोषलं की तळ एकदम तापतो, आणि तेवढ्याने खटका वर उडतो. म्हणजे त्याला वेळ कळत नाही, पाणी संपलेलं कळतं. अम्मी तरी कुठे घड्याळ बघून भात उतरवते?

1955 साली जपानमध्ये तोशिबाने आपोआप बंद होणारा विजेचा राइस कुकर बाजारात आणला. तो घडवला योशितादा मिनामी या छोट्या कारखानदाराने. पण पुन्हा पुन्हा भात शिजवून वेळेच्या आणि तापमानाच्या नोंदी ठेवल्या त्या त्यांच्या पत्नीने, फुमिकोने. यंत्राला भाताची अक्कल आली ती भात रांधणाऱ्या बाईकडून. हे वाचलं आणि अम्मीचा प्रश्न पुन्हा आठवला. अम्मीला न विचारता मी तिचं स्वयंपाकघर बदलायला निघालो होतो.

कुकर घरी आणला आणि तिच्यासमोर ठेवला. सोबतचा 180 मिलिलिटरचा कप तिने बाजूला सारला. तांदूळ धुतले, बोट बुडवलं, पेराएवढं पाणी ठेवलं. खटका खाली दाबला, तो तिच्या दुखऱ्या बोटांनाही सहज दाबता आला. तासाभराच्या आतच 'टक' आवाज झाला. तिने झाकण काढून एक शीत चिमटीत धरलं. "बरा आहे. पण यात पेज नाही निघायची."

खरंच आहे. पाणी जास्त ठेवलं तर झाकणाखालून ऊतू जातं, आणि पाणी संपेपर्यंत खटका उडत नाही. म्हणून आमचा समझोता असा : रोजचा भात कुकरमध्ये, खटका अम्मीच दाबणार. रविवारी उकड्या तांदळाची पेज गॅसवर, जुन्याच पातेल्यात, आणि मी तिच्याशेजारी उभा.

पेज नेमकी कधी उतरवायची हे मला अजून कळत नाही. मागच्या रविवारी मी घाई केली. "थांब जरा," अम्मी म्हणाली, "शीत फुटू दे."