मेंढ्याला जाऊ नकोस

चि. अ. हीस,


तुझा संशोधन आराखडा वाचला. विषय उत्तम आहे, गाव मात्र बदल. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 साली वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी खुद्द ग्रामसभेच्या हाती दिलं. यावर ढीगभर लिहून झालंय. तिथले पुढारी देवाजी तोफा यांना तेच ते प्रश्न आणखी किती जणांनी विचारायचे! ज्यांचे वनहक्काचे दावे उपविभागीय समितीने फेटाळले, त्या गावांत जा.

तिथे दाव्याची एकेक फाईल उघडून बस. जमिनीची कसवणूक कायद्याने ठरवलेल्या 13 डिसेंबर 2005 च्या आधीची आहे हे दाखवायला लोक काय काय जोडतात ते बघ. वनखात्याने केलेल्या दंडाची जुनी पावती बऱ्याच ठिकाणी सापडेल. अतिक्रमण म्हणून बापाला दंड झाला, तोच कागद आज मुलाच्या कामी येतो. आणि ज्याने पावतीविना पैसे मोजून सुटका करून घेतली, त्याच्या हाती काहीच नाही. या दोन घरांमधला फरक कुठल्याच तक्त्यात येत नाही. तुझ्या प्रबंधात यायला हवा.

वास्तविक वनहक्क कायद्याच्या नियमांतल्या नियम 13 नुसार वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, जुनी विहीर, दफनभूमी हेही पुरावेच. या नियमांच्या 2012 च्या दुरुस्तीत तर स्वच्छ लिहिलंय की उपग्रहाचं चित्र इतर पुराव्यांना जोड म्हणून चालेल, त्यांच्याऐवजी नाही. तरी चित्रात शेत दिसत नाही म्हणून दावे अमान्य झालेच. फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे अमान्य झालेल्यांना जमिनीवरून हटवायला सांगितलं आणि पंधरवड्यात त्याच आदेशाला स्थगितीही दिली. दावे कुठल्या पद्धतीने फेटाळले, ते राज्यांना विचारलं.

पुढल्या सत्रापासून तू शिकवणारही आहेस म्हणून सांगतो. घुर्ये-एल्विन वाद मुलं परीक्षेपुरता घोकतात. आदिवासी हे मागासलेले हिंदू की वेगळे, यावर पानंच्या पानं भरतात. वनहक्काचा अर्ज मात्र त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नसतो. पहिल्याच तासाला कोरा अर्ज वाट आणि भरायला लाव. पुराव्याच्या रकान्यापाशी अडले की मग घुर्ये काढ.

आणि प्रबंध विद्यापीठात देण्याआधी त्याचा मराठी गोषवारा त्या ग्रामसभेत वाचून दाखव. लोक चुका काढतील, त्या दुरुस्त कर.

तुझे,
सर