खुलदाबादचे दोन दर्गे

वेरूळची लेणी पाहून परतणारा प्रवासी खुलदाबादेस थांबतो तो बहुधा औरंगजेबाच्या कबरीपुरता. गाडीवाला घाई करीत असतो. वर छत नसलेली ती मातीची कबर आणि मागाहून बसविलेली संगमरवरी जाळी पाहायची, की निघालीच मंडळी! मला मात्र या गावात बादशहापेक्षा त्याचे शेजारी मोलाचे वाटतात. बादशहालाही तसेच वाटले असावे. १७०७ साली तो वारला अहमदनगरास, आजच्या अहिल्यानगरास. पण त्याला आणून पुरले इथे, शेख जैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या अंगणात. जैनुद्दीन वारले १३६९ साली. त्यांचे गुरू बुऱ्हानुद्दीन गरीब त्यापूर्वी, १३३७ मध्ये; त्यांचा दर्गा रस्त्यापलीकडे, समोरच. हे बुऱ्हानुद्दीन दिल्लीच्या निजामुद्दीन अवलियांचे शिष्य. तापीकाठचे बऱ्हाणपूर त्यांच्या नावाचे आणि समोरच्या तीरावरचे जैनाबाद या शिष्याच्या.

या माणसांचा सारा जन्म अल्लाच्या जवळ जाण्यात गेला. आता जवळ जायचे म्हणजे काय करायचे? इस्लाममध्ये आधी फर्ज, म्हणजे पाच वेळची नमाज, रमजानचे रोजे, जकात आणि ऐपत असल्यास हज. हे देणे चुकते केल्यावाचून पुढची वाट नाही. त्यावर जे कोणी न सांगता, आपखुशीने करायचे ते नफल : मध्यरात्री उठून तहज्जुदची नमाज पढणे, जादा रोजे धरणे. आणि उठता-बसता त्याचे नाव घेणे, तो जिक्र. (नामस्मरणाची गोडी वारकऱ्याला कोणी शिकवायला नको!) कपाळ जमिनीला टेकते त्या सजद्याच्या क्षणी माणूस सर्वांत जवळ असतो, असे मानतात.

चिश्ती सूफींनी यात समाची, म्हणजे गाणे ऐकण्याची भर घातली. बुऱ्हानुद्दीनांना त्याचा इतका छंद, की त्यांच्या मंडळींच्या भावावेशातल्या नाचण्याला 'बुऱ्हानी' असे नावच पडले. कर्मठांना हे कधीच रुचले नाही. औरंगजेबाने दरबारातले गाणे बंद केले होते. शेवटी जागा घेतली ती मात्र चिश्त्यांच्या अंगणात.

मगरीबची नमाज आटोपून एक म्हातारेबाबा पायरीशी तसबीह ओढीत बसले होते. मी विचारले, "चाचा, अल्ला सगळीकडे आहे म्हणता. मग इथवर कशाला यायचं?"

"तो आहेच हो जवळ," ते म्हणाले, "मीच लांब पडतो. इथं बसलं की आठवण राहते."

शेजारच्या तरुणाला हे पटले नाही. मागायचे ते फक्त अल्लापाशी, कबरीपाशी मागणे हा गुन्हा, असे तो जरा तोडूनच बोलला. हा वाद जुना आहे आणि घराघरांतून आजही चालतो. त्यात बाहेरच्याने निवाडा देऊ नये असे मला वाटते. पण म्हाताऱ्याने काहीच मागितले नव्हते, एवढे मी पाहिले होते. तो नुसता बसला होता.

"मी कुठं मागतो, बेटा?" ते म्हणाले. तरुण गप्प राहिला.

इशाची अजान झाली. बाबांना गुडघ्यांमुळे उठवेना, तेव्हा त्यानेच हात दिला. दोघे वजू करून मशिदीत गेले, आणि पश्चिमेकडे तोंड करून एकाच रांगेत उभे राहिले.