प्रार्थनेपूर्वीची झाडलोट

परभणी जिल्ह्यातील ताडकळस येथे आमची शेती कोरडवाहू. १९७२ चा दुष्काळ सोसलेली माणसे आजही कणगीतील धान्य तळाला गेले की अस्वस्थ होतात. साठवण हे इकडे लोभाचे नव्हे, शहाणपणाचे लक्षण. त्यामुळे सुफी संतांच्या प्रार्थनेविषयी वाचताना एका गोष्टीपाशी आम्ही थबकलो.

दिल्लीचे शेख निजामुद्दीन औलिया १३२५ साली निवर्तले. त्यांच्या मठात, म्हणजे खानकाहात, भेटींचा ओघ अखंड असे व आलेले सारे भुकेल्यांच्या मुखी जाई. शुक्रवारच्या नमाजापूर्वी ते कोठार रिकामे करून झाडून घ्यायला लावीत, असे त्यांची चरित्रे सांगतात. त्यांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन दख्खनेत आले, १३३७ साली वारले. खुलदाबादेत त्यांचा दर्गा आहे. त्यांना ‘गरीब’ म्हणत. या अरबी शब्दाचा मूळ अर्थ परका, परदेशी. परक्या मुलुखातला वाटसरू फार ओझे बाळगीत नाही.

नमाजापूर्वी हात, तोंड, पाय धुणे यास वुजू म्हणतात. सुफींच्या मते पाण्याने देह शुद्ध होतो. परंतु मनातील द्वेष, मोठेपणाची हाव आणि उद्याची धास्ती धुण्यास निराळी साधना लागते. ईश्वरनामाचे स्मरण म्हणजे जिक्र, आणि त्याच्यासमोर निश्चल बसणे म्हणजे मुराकबा. साधी राहणी ही या साधनेची सोबतीण. ज्याचे चित्त कोठारात अडकले, त्याचे गुडघे टेकले तरी मन टेकत नाही. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करावयास सांगणाऱ्या प्रभू येशूची शिकवण आम्हांस येथे सहज आठवते.

तथापि एक अडचण उरतेच. शेखांच्या दारी रोज नवे दान येई. शेतकऱ्याच्या दारी पाऊससुद्धा नेमाने येत नाही. त्याने बियाणे वाटून टाकावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. बियाणे ही पुढील वर्षीच्या भाकरीची ठेव आहे आणि मुलाबाळांचा घास राखणे हे कर्तव्यच आहे. प्रश्न त्यापलीकडच्या पोत्यांचा आहे. ती गरजेपोटी ठेवली की भयापोटी, हे ज्याचे त्यानेच तपासावे.

आमच्या घरी आता उपवासकाळाच्या आरंभी कोठी उघडली जाते. बियाणे बाजूस काढतो, वर्षाची ज्वारी मोजतो. उरेल ते, ज्या घरची चूल अडली असेल तेथे, गाजावाजा न करता पोहोचवितो. मोजताना हात दरवर्षी थोडा आखडतोच; ‘आणखी एक पोते असू द्यावे’ असे मन सांगते. वाचकहो, त्या क्षणी मनाशी जो झगडा होतो, तेथूनच आमच्या प्रार्थनेस आरंभ होतो.