कळसूबाई बुडेल एवढं पाणी

कळसूबाईची उंची १६४६ मीटर. सायबेरियातल्या बैकाल सरोवराची सर्वांत जास्त खोली १६४२ मीटर. म्हणजे समुद्रसपाटीपासून मोजलेली अख्खी कळसूबाई उचलून तिथे ठेवली, तर वर उरणार फक्त चार मीटर. देवीचं देऊळ कसंबसं कोरडं राहील! त्या लोखंडी शिड्यांवर ज्यांना धाप लागली आहे, त्यांना हा आकडा पटकन कळेल.

जगातलं सर्वांत खोल सरोवर म्हणून बैकालचं नाव शाळेपासून पाठ असतं. पण मला खोलीपेक्षा भारी वाटतं ते वेगळंच. दुसरा नंबर आफ्रिकेतल्या टांगानिकाचा, सुमारे १४७० मीटर. तिथे मात्र शे-दोनशे मीटरच्या खाली ऑक्सिजनच नाही. वरचं पाणी बारा महिने उबदार आणि हलकं, खालचं त्याहून गार आणि जड; दोघांची गाठभेट जवळजवळ होतच नाही. त्यामुळे मासेबिसे सगळे वरच्या मजल्यावर.

बैकाल हिवाळ्यात पूर्ण गोठतं. गोठण्याच्या आधी आणि बर्फ वितळल्यावर वाऱ्याच्या जोराने वरचं गार पाणी खाली ढकललं जातं, आणि त्यातलं काही थेट तळ गाठतं. सोबत ऑक्सिजन नेतं. म्हणून दीड किलोमीटर खाली, मिट्ट काळोखातही तिथे जीव राहतात. गोलोम्यांका नावाचा एक मासा आहे, जवळजवळ पारदर्शक, अंगात भरपूर चरबी. अंडी न घालता थेट पिल्लं देतो. जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाही. सरोवराचं वयच सुमारे अडीच कोटी वर्षं, एवढ्या वेळात काय वाट्टेल ते घडू शकतं म्हणा.

आता जरा हिशेब. जगातल्या न गोठलेल्या, जमिनीवरच्या गोड्या पाण्यापैकी साधारण पाचवा हिस्सा या एकाच खड्ड्यात आहे. आणि हे पाणी पूर्ण बदलायला सरासरी ३३० वर्षांच्या आसपास लागतात. आपल्या भाषेत सांगायचं तर इथे रीस्टार्टचं बटणच नाही.

आणि अशा पाण्याच्या काठावर, बैकाल्स्कला, १९६६ मध्ये कागदाच्या लगद्याचा कारखाना सुरू केला. का? तर लगद्यासाठी स्वच्छ पाणी लागतं म्हणून! शास्त्रज्ञ आणि लेखक तेव्हाही उघडपणे विरोधात बोलले, तेही सोव्हिएत राजवटीत. कारखाना बंद झाला २०१३ मध्ये. काठावरच्या खड्ड्यांत साठवलेला त्याचा लाखो टन गाळ मात्र त्यानंतरही तिथेच राहिला.