आठ वेशी

कारंज्याच्या जुन्या तटाला वेशी चार: दिल्ली, दारव्हा, पोहा आणि मंगरूळ. गेल्या श्रावणात काकांना एका घरातले फोटो बाहेर काढायला आठ वेशी ओलांडाव्या लागल्या. आठही त्यांनीच बांधून दिल्या होत्या.

काका गावात १९९४ पासून संगणकाचं काम करतात. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरच्या शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन त्याच वर्षी एप्रिलात उतरवलं गेलं आणि डिझेलचं लागलं. वाशीम तेव्हा जिल्हासुद्धा नव्हता, तो १९९८ मध्ये झाला. सुट्या भागांसाठी अकोल्याची एसटी धरायची, फ्लॉपीचे डबे मांडीवर घेऊन परत यायचं. त्या काळात एका यंत्रावर एकच काम चाले आणि तेही रडतखडत. त्यामुळे एकाच यंत्रात चार यंत्रं नांदताना पहिल्यांदा पाहिली, तेव्हा काकांना जे झालं त्याला ते आजही 'देव दिसला' असंच म्हणतात.

देवाचं नाव प्रॉक्समॉक्स. व्हिएन्नाच्या एका कंपनीनं २००८ मध्ये आणलेलं, डेबियनवर उभं असलेलं, फुकट वापरता येणारं. लॉगिन केलं की 'तुमच्याकडे वैध वर्गणी नाही' अशी चौकट रोज टोचते. काकांनी ती घालवायचे सगळे उपाय पाठ केले आणि शेवटी राहू दिली. ब्राउझरमध्ये ८००६ क्रमांकाचं दार उघडायचं, डावीकडे यंत्रांची उतरंड, प्रत्येकापुढे हिरवा ठिपका, मधोमध नागमोडी आलेख. गिऱ्हाईक खुर्चीत असलं की काका हा पडदा जरा जास्तच वेळ उघडा ठेवत. आलेखात पाहण्यासारखं काही नसे.

दोन-अडीच वर्षांपूर्वी दिवाळीत त्यांनी एका जुन्या दोस्ताच्या घरी असंच एक यंत्र बसवून दिलं. दोस्त निवृत्त शिक्षक, हौशी, बोटं चालणारा. कार्यालयातून निघालेला वीतभर मिनी पीसी, १६ जीबी रॅम, आत एक एसएसडी. गरज एवढीच की घरातल्या चौघांच्या फोनमधले फोटो एका जागी यावेत आणि गूगलला दरमहा पैसे जाऊ नयेत. तेवढ्यासाठी प्रॉक्समॉक्स, त्यात एक व्हीएम म्हणजे आभासी यंत्र, व्हीएममध्ये उबुंटू, उबुंटूत डॉकर, डॉकरमध्ये फोटो सांभाळणारं इमिच. 'पुढं काही वाढवायचं झालं तर सोय असावी,' असं काका म्हणाले होते. पुढं काहीही वाढलं नाही. वाढला तो दोस्ताचा आजार.

तो गेल्यावर महिन्याभरानं वीज कडाडली आणि मिनी पीसीचा बोर्ड जळाला. वहिनी तो डबा पिशवीत घालून दुकानात आल्या. "भाऊजी, पोरीच्या साक्षगंधाचे फोटो यातच हायेत. ह्यायचे शेवटचे." बॅकअप होता. दोस्तानं बाहेरच्या डिस्कवर नियमानं घेतलेला होता, आणि मुलानं ती डिस्क लॅपटॉपला लावूनही पाहिली होती. आत .vma.zst अशा शेपटीच्या चार अगडबंब फायली. विंडोजनं विचारलं, ही कशानं उघडू? पोरगं काय सांगणार. ती शेपटी ओळखणारा कारंज्यात एकच माणूस, आणि त्या पिशवीसमोर बसल्यावर पहिल्यांदाच काकांना त्याचा अभिमान वाटला नाही.

शेवटचा बॅकअप आठ महिन्यांपूर्वीचा. दुखणं वाढल्यावर तो घ्यायचा राहून गेला होता. म्हणजे साक्षगंध फक्त एसएसडीत.

मग दोन संध्याकाळी गेल्या त्या अशा. एसएसडी यूएसबीच्या खोक्यात घालून काकांनी आपल्याच प्रॉक्समॉक्सला जोडली. पहिल्याच वेशीवर अडले: प्रॉक्समॉक्स बसवताना डिस्कचे वाटे पाडणाऱ्या एलव्हीएमच्या गटाला स्वतःहून 'pve' हे नाव देतं, आणि काकांच्या यंत्रातही तोच गट, त्याच नावाचा. एका गावात दोन कारंजे. यूयूआयडी पाहून एकाचं नाव बदलावं लागलं, आणि चुकून स्वतःच्याच गटाचं बदलू म्हणून छातीत धडधड. दुसरी वेस थिन पूल. तिसरी त्यातली आभासी डिस्क, vm-101-disk-0. चौथी तिच्या पोटातली विभागणी. पाचव्या वेशीवर रात्रीचे साडेअकरा झाले. उबुंटूनं आपल्या पोटात पुन्हा स्वतःचा एलव्हीएम मांडला होता, आणि यजमान यंत्र पाहुण्याच्या पोटातला एलव्हीएम मुद्दामच पाहत नाही. हा नियम शहाणपणाचा आहे. दोघांची भांडी एकत्र होऊ नयेत म्हणूनच तो आहे. त्या रात्री काकांनी त्या शहाणपणाला वऱ्हाडीत जे म्हणायचं ते म्हटलं. मग एका आज्ञेपुरती ती ताकीद उठवली आणि सहावी वेस, ext4, उघडली. सातवी, डॉकरला जोडून दिलेलं फोल्डर. आठवीत फोटो.

फोटो होते. एकही गेला नव्हता. पण नावं? इमिचमध्ये 'स्टोरेज टेम्प्लेट' नावाची एक सोय आहे. ती चालू केली तर फोटो वर्ष-महिन्याच्या फोल्डरमध्ये लागतात. मुळात ती बंद असते आणि मग प्रत्येक फोटोला छत्तीस अक्षरांचं निरर्थक नाव मिळतं. ती काकांनी चालू केलीच नव्हती. पडद्यावर सगळं तारीखवार सुरेख दिसत होतं, मग खाली काय आहे ते कोण पाहतो?

इथं काकांना गावातल्या पोथ्या आठवल्या. कारंज्यात सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशी तीन दिगंबर जैन मंदिरं, आणि प्रत्येकाचं वेगळं ग्रंथभांडार. १९२६ मध्ये रायबहादूर हिरालाल यांची मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची निघाली, तीत या भांडारांची नोंद आहे. पुढं अपभ्रंश कवी पुष्पदंताचं 'जसहरचरिउ' १९३१ मध्ये प. ल. वैद्यांनी आणि 'णायकुमारचरिउ' १९३३ मध्ये हिरालाल जैनांनी संपादित करून कारंज्याहून प्रसिद्ध केलं. काका काही अपभ्रंश वाचत नाहीत, पण एक गोष्ट त्यांना ठाऊक आहे. सूची नसली तरी पोथी मुकी राहत नाही. शेवटच्या पानावर पुष्पिका असते: कोणी, कोठे, कोणत्या संवतात नक्कल केली. फोटोलाही तशी पुष्पिका असते. कॅमेरा ती फोटोच्या आतच लिहून ठेवतो. एका छोट्या प्रोग्रॅमनं ती वाचली आणि हजारो फोटो आपापल्या तारखेला जाऊन बसले.

बसले नाहीत ते व्हॉट्सअॅपवरून आलेले. व्हॉट्सअॅप फोटो पाठवताना ही पुष्पिका काढून टाकतं. तारीख उरते ती फक्त फाइलच्या नावात, आणि ते नाव इमिचनं बदललेलं. फाइलींवरचा दिनांक म्हणावा, तर दोस्तानं फोन बदलला त्या दिवसाचा, सगळ्यांवर एकच. साक्षगंधातले निम्मे फोटो पाहुण्यांनी पाठवलेले, म्हणजे याच बिनपुष्पिकेच्या ढिगात. काका तिसऱ्या दिवशीही त्यातच. दुकानात दोन प्रिंटर उघडे पडलेले, गिऱ्हाइकं खोळंबलेली. शेवटी सापडलं ते असं: इमिच रात्री दोन वाजता आपल्या नोंदवहीची नक्कल काढून फोटोंच्याच शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवतं. दाबलेली फाइल सोडवली की साधा मजकूर, आणि त्यात प्रत्येक फोटोचं जुनं नाव. काका त्या ओळी वाचत बसले तेव्हा रडले की नाही, यावर त्यांचं आणि काकूंचं एकमत नाही.

या सगळ्याच्या मध्ये त्यांची शागीर्द उभी होती. पॉलिटेक्निकची मुलगी, सुट्टीत दुकानात बसते. तिच्या घरी जुन्या लॅपटॉपवर नुसतं डेबियन आहे, ४ जीबी रॅम, एक सांबाचं फोल्डर, आत २०२३, २०२४, २०२५. काका दोन वर्षं तिची टर उडवत होते: "हे काय सर्व्हर हाय? हे तं कपाट हाय." त्या तिसऱ्या संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, "काका, मग हे एवढं कायले बसवलं होतं?"

उत्तर त्यांच्याकडे होतं, आणि पाठ होतं. स्नॅपशॉट घेता येतो, अपग्रेड फसलं तर मिनिटात मागं जाता येतं. घरातली उपकरणं चालवणाऱ्या होम असिस्टंटची पूर्ण सोय हवी तर त्याला स्वतःचं वेगळं यंत्र दिलेलं बरं. तीन डबे ठेवण्यापेक्षा एक ठेवला तर १२ वॅटवर भागतं, वर्षाला १०५ युनिट. सगळं खरं. पण वहिनींच्या घरी होम असिस्टंट नव्हता, तीन डबेही नव्हते, आणि अपग्रेड कोणी करतच नव्हतं. एका कामासाठी एक यंत्र होतं आणि त्या दोघांच्या मध्ये काका बसले होते.

मुळात एका यंत्रात अनेक यंत्रं नांदवायची ही युक्ती निघाली ती यंत्र महाग आणि माणसं पुष्कळ म्हणून. आयबीएमनं १९७२ मध्ये व्हीएम/३७० आणलं ते खोलीभर यंत्र अनेकांना आपापलं वाटावं यासाठी. २००७ च्या फेब्रुवारीत केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यातच आलं आणि ही चैन कुणालाही परवडू लागली. आता घरोघरी उलटा प्रकार: माणूस एक, काम एक, आणि यंत्रात जागा फार. रिकामी खोली दिसली की भाडेकरू शोधायचा, ही काकांच्या पिढीची खोड आहे.

पुण्या-नागपूरचे घरगुती सर्व्हरवाले याहून पुढचे. त्यांच्याबद्दल काका बोलू लागले की चहा निवतो. परवापर्यंत ही मंडळी व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयची आरती ओवाळत होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर घेतलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये फुकटची आवृत्ती बंद केली, तशी सगळे रातोरात प्रॉक्समॉक्सचे जुने भक्त झाले. एप्रिल २०२५ मध्ये ती फुकटची आवृत्ती गुपचूप परत आली, तोवर यांची गंधं बदललेली. राउटरसुद्धा व्हीएममध्ये घालतात! मग यंत्र बसलं की इंटरनेट गेलं, आणि इंटरनेट गेलं की ते का गेलं हे शोधायचं कशावर? लाइन गेल्यावर छोटा यूपीएस काही मिनिटं तग धरतो. प्रॉक्समॉक्स एकेका व्हीएमला बंद व्हायला १८० सेकंदांपर्यंत मुदत देतं. हे गणित मुंबईत कोणी करत नसेल, कारंज्यात करावं लागतं. आणि बॅकअप सगळे घेतात, परत उघडून कोणी पाहत नाही. हे शेवटचं वाक्य म्हणून झाल्यावर काका थोडे गप्प होतात, कारण दोस्ताच्या घरचा बॅकअप त्यांनीही कधी उघडून पाहिला नव्हता.

प्रॉक्समॉक्स घरात नकोच, असं मात्र त्यांचं म्हणणं नाही. मंगरूळ वेशीकडच्या एका घरी बारावीचा मुलगा आहे, रोज रात्री काहीतरी बसवतो आणि रोज रात्री मोडतो. त्याच यंत्रावर आजोबांची भजनं असतात आणि आईचा शिवणाचा हिशोब. तिथं काकांनी नव्यानं प्रॉक्समॉक्स बसवलं. पोराला त्याची खोली दिली, स्नॅपशॉट दाखवले, बाकीच्यांना वेगळ्या भिंती. तिथं वेशी हव्याच. पण तिथंही भजनं आणि हिशोब आभासी डिस्कच्या पोटात नाहीत. ते वेगळ्या डिस्कवर साध्या फोल्डरांत आहेत, तीच फोल्डरं एका कंटेनरला जोडून दिली आहेत. डिस्क काढून कुठल्याही लिनक्सला लावली तर आजोबांचा अभंग पहिल्या झटक्यात वाजतो. काकांनी तो लावून पाहिला, दोनदा.

वहिनींच्या घरी आता साधं डेबियन आहे. फोटो वर्षवार. इमिच आहे, पण बाहेरून: त्याला ती फोल्डरं फक्त वाचायला दिली आहेत, हलवायचा हक्क नाही. फोनमधून फोटो थेट फोल्डरमध्ये उतरवायची जोडणी शागीर्द मुलीनं केली. रोज रात्री एक नक्कल यूएसबी डिस्कवर जाते, तीही विंडोजला कळेल अशी. मीटरच्या कपाटात आतल्या बाजूनं एक कागद चिकटवला आहे, मराठीत, दहा ओळींचा: डबा जळाला तर काय करायचं. कागद काकांनी लिहिला, मुलीनं वाचला आणि म्हणाली, वहिनींना वाचायला द्या. वहिनींनी चष्मा लावून वाचला.

"भाऊजी, चौथ्या ओळीत 'माउंट करा' म्हणजे काय करा?"

चौथी ओळ तीनदा बदलली. आता तिथं 'निळी वायर लॅपटॉपला लावा' असं आहे.

घरी आल्यावर काकांनी आपल्या यंत्राचा पडदा उघडला. अकरा हिरवे ठिपके. त्यातल्या सहांकडे वर्षभरात कोणी गेलेलं नाही. एक तर केवळ बाकीच्या दहांचे आलेख काढण्यासाठी चालू आहे. काकूंसाठीही एक कागद लिहावा म्हणून ते बसले. पहिलं पान सरळ गेलं. दुसऱ्यावर बाण आले, तिसऱ्यावर बाणांचे क्रमांक. सहाव्या पानावर १०४ क्रमांकाच्या व्हीएमपाशी पेन थांबलं, कारण हा कशासाठी उभा केला होता ते त्यांनाच आठवेना. काकू जेवायला बोलवत होत्या. "कोणासाठी लिवता एवढं?" त्यांनी दारातून विचारलं. काकांनी पानं उलटी करून ठेवली आणि हात धुवायला उठले. १०४ चालूच होता.