माळ्यावरची विक्रांत

पाच वर्षं ती माळ्यावर होती, दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या खोक्यात. दर साफसफाईला ही विचारायची, "अहो, ही बोट पुरी करणार आहात की भंगारवाल्याला देऊ?" दर वेळी मी एकच उत्तर द्यायचो. खऱ्या, विमानवाहू विक्रांतचा सांगाडा 1945 मध्ये पाण्यात उतरला, 1946 मध्ये काम थांबलं, आणि ती नौदलात दाखल झाली 4 मार्च 1961 ला. मधली कित्येक वर्षं 'हर्क्युलिस' नावाने ती विलायतेत अर्धवट पडून होती. आपण ती 1957 मध्ये विकत घेतली आणि बेलफास्टच्या गोदीत पुरी करून घेतली. त्या हिशेबाने माझी पाच वर्षं म्हणजे काहीच नाही. हिला हा हिशेब कधीच पटला नाही.

यंदाच्या पावसाळ्यात मात्र खोकं खाली आलं. मॉडेल 1:700 चं, म्हणजे सव्वादोनशे मीटरला जरा कमी असलेली बोट एका फूटपट्टीएवढी. रंग झालेला होता. राहिलं होतं ते शेवटचं बारीकसारीक, आणि खरी परीक्षा तिथेच असते. पितळी पत्र्यातून कोरलेले कठडे चिमट्यात धरायचे. खऱ्या बोटीवर ते छातीपर्यंत येत असतील, इथे दीड मिलिमीटरही नाहीत. सुपरग्लूचा थेंब सुईच्या टोकावर घ्यायचा आणि श्वास रोखायचा. थेंब जास्त झाला की शेजारच्या राखाडी रंगावर पांढुरकी बुरशी आल्यासारखा धूर बसतो. तारांसाठी किटमधलीच प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीवर धरायची, मऊ झाली की झटक्यात ताणायची. केसाएवढा धागा निघतो. दहातले आठ तुटतात.

एक सी हॉक विमान उडालं. खरोखर उडालं, चिमट्यातून. सतरा मिलिमीटरचं विमान, आणि आमची फरशी नेमकी ठिपक्याठिपक्यांची! मोबाईलचा टॉर्च लावून मी तासभर गुडघ्यांवर रांगत होतो. शेवटी ते सापडलं सुपडीत, कोथिंबिरीच्या काड्यांत. हिने धुऊन हातावर ठेवलं. बोलली काही नाही.

लेक आली, वाकून पाहत म्हणाली, "बाबा, पुढचा चढ कुठे गेला?"

तिचं बरोबर होतं. संग्रहालय झालेली विक्रांत मी तिला मुंबईत दाखवली होती. बोटीवर चढून ती त्या उतारावरून धावत खाली आली होती. पण तो चढ पुढे सी हॅरिअर विमानांसाठी बसवलेला. माझी बोट 1971 च्या डिसेंबरातली, चितगाव आणि कॉक्स बझारवर विमानं सोडणारी. तेव्हा डेक सपाट, त्यावर वाफेच्या कॅटापुल्टची सरळ खाच. मी ती ब्लेडने तीनदा कोरली होती. दोघींना तारखेसकट हे सगळं समजावलं.

लेक म्हणाली, "पण आपण पाहिली ती नाही ना ही."

यावर माझ्याकडे काही नव्हतं. आम्ही पाहिलेली बोट 2014 मध्ये दारुखान्यात तोडायला घेतली. तिच्या लोखंडातलं थोडं पुढे मोटरसायकलींतही गेलं म्हणतात, ते मला अजून नीट गिळवत नाही.

आता राहिला होता झेंडा. आजच्या नव्या विक्रांतवर 2022 पासून शिवमुद्रेचा अष्टकोन आहे. माझ्या बोटीला मात्र जुनाच हवा होता, पांढऱ्यावर लाल क्रॉस आणि कोपऱ्यात तिरंगा. तांदळाएवढा कागद, त्यावर पातळ फेव्हिकॉल, आणि वाऱ्यावर फडकतोय असं वाटावं म्हणून टाचणीने दिलेली एक मुरड. नेमकं तेव्हाच कुणीतरी पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

"पंखा नको!" मी ओरडलो.

मग आम्ही तिघं तो फेव्हिकॉल वाळेपर्यंत ऑगस्टच्या उकाड्यात घाम पुसत बसून राहिलो.