हिंजवडीत किती दिवस पाहुणे राहायचे?

मुंबई-बंगळूर महामार्गावरचा वाकडचा पूल ओलांडून थोडे पुढे गेले की पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द मागे पडते आणि हिंजवडी लागते. हद्द बदलली हे डोळ्यांना कळत नाही. दोन्ही बाजूंना तशाच उंच इमारती, तशीच दुकाने, तीच वाहनांची रांग. रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब. ही मेट्रो माणपासून शिवाजीनगरपर्यंत सुमारे २३ किलोमीटरची, आणि तिचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाले. सकाळी नऊच्या सुमारास शिवाजी चौकात उभे राहिले, तर गळ्यात ओळखपत्र अडकवलेली हजारो तरुण मुले-मुली दिसतात. कोणी कंपनीच्या बसमध्ये, कोणी पीएमपीच्या, कोणी दुचाकीवर. महाराष्ट्राचा असा जिल्हा नसेल, जिथला मुलगा किंवा मुलगी या गर्दीत सापडणार नाही.

चौकातून गावठाणाकडे वळले की दुसरे हिंजवडी भेटते. ग्रामदैवत म्हातोबाचे मंदिर, जुने वाडे, पारावर बसलेली वडीलधारी मंडळी. चैत्र पौर्णिमेला इथे म्हातोबाची यात्रा भरते आणि बगाडाची मिरवणूक हिंजवडीहून वाकडला जाते. त्या दिवशी कोणी काय करायचे, हे कोणाला सांगावे लागत नाही. प्रत्येक घराचे काम पिढ्यान् पिढ्या ठरलेले आहे. ज्या रस्त्यावर एरवी पाच मिनिटे कोणी कोणासाठी थांबत नाही, त्याच रस्त्यावर त्या दिवशी अख्खे गाव एका कामाला जुंपलेले असते.

हिंजवडी हे मुळशी तालुक्यातले शेतीचे गाव. १९९० च्या दशकाच्या अखेरीस एमआयडीसीने येथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क वसवायला सुरुवात केली. इन्फोसिस, विप्रो, टीसीएस, कॉग्निझंट अशी नावे एकामागून एक येत गेली. पहिला टप्पा, दुसरा, तिसरा असे करत उद्योगनगरी माणच्या माळापर्यंत पोहोचली. शेजारच्या मारुंजी, माण, नेरे या गावांतही इमारती उभ्या राहिल्या. लाखो माणसे इथे कामाला येऊ लागली आणि त्यांतली पुष्कळ इथेच राहू लागली. गाव मात्र कागदावर गावच राहिले.

म्हणजे काय, ते पाहा. उद्योगनगरीतले रस्ते एमआयडीसीचे. बांधकामाची परवानगी पीएमआरडीएची. गावठाणातली गटारे आणि दिवे ग्रामपंचायतीचे. पोलीस ठाणे पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे. विधानसभेचा मतदारसंघ भोर, लोकसभेचा बारामती. एकाच रस्त्यावरचा खड्डा कोणाचा, हे विचारायला गेले तर चार कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागतात. हद्द कोणाची हा प्रश्न पावसाच्या पाण्याला मात्र पडत नाही.

२०२५ च्या जूनमध्ये हे सर्वांनी पाहिले. पावसाळ्याच्या सुरुवातीलाच उद्योगनगरीच्या रस्त्यांवर नदीसारखे पाणी वाहू लागले. बस, मोटारी पाण्यात अडकल्या आणि त्याची चित्रे देशभर फिरली. डोंगराकडून येणारे जुने ओढे-नाले कुठे बुजले, कुठे वळवले गेले, कुठे त्यांच्यावर बांधकाम झाले, याची चर्चा मग सुरू झाली. इथे राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या लोकांनी ऑनलाइन अर्ज काढला, हिंजवडीचा समावेश महापालिकेत करा अशी मागणी केली आणि त्यावर हजारो सह्या झाल्या. जुलैत उपमुख्यमंत्री अजित पवार भल्या सकाळी पाहणीला आले. अधिकाऱ्यांच्या बैठका झाल्या, अतिक्रमणे हटवण्याचे आदेश निघाले. एरवी एकमेकांचे नावही ठाऊक नसलेल्या माणसांनी एकत्र येऊन सरकारला आपल्या दारात आणले, ही लहान गोष्ट नाही.

परंतु सही केल्यावर पुढे काय? हा प्रश्न मनात ठेवून मी तिसऱ्या टप्प्याजवळच्या एका चहाच्या टपरीवर बसलेल्या सात-आठ मुलांना सहज विचारले, तुमचे मतदान कुठे आहे? लातूर, बीड, सांगली, अकोला, मिरज अशी उत्तरे आली. हिंजवडीचे नाव एकानेही घेतले नाही. त्यांतला एक नऊ वर्षांपासून येथे राहतो. त्याचे लग्न येथे आल्यावर झाले, मुलगी येथील शाळेत जाते. तो म्हणाला, "काका, गावाकडे मतदान असले की अब्बांना बरे वाटते. आणि इथे आपले आहे तरी कोण?"

गावठाणात पारावर बसलेल्या एका आजोबांना मी तोच प्रश्न उलट्या बाजूने विचारला. एवढी शिकलेली माणसे तुमच्या गावात राहायला आली आहेत, गावच्या कामात त्यांना बोलावता का? आजोबा हसले. "तुमी समदी पाव्हणी. पाव्हण्याला कामाला कसं लावायचं?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण हिंजवडीचे सारे दुखणे त्या एका वाक्यात होते. आलेला माणूस स्वतःला पाहुणा समजतो आणि गावही त्याला पाहुणाच समजते. पाहुणा तक्रार करू शकतो, कौतुक करू शकतो, सामान बांधून निघूनही जाऊ शकतो. तो घरची जबाबदारी मात्र घेत नाही.

आपल्या समाजातील कुटुंबांच्या बाबतीत यात आणखी एक गाठ असते. नोकरीच्या पहिल्या महिन्यात भाड्याचे घर शोधताना फोनवर सगळे ठरते आणि नाव सांगितले की फ्लॅट "कालच गेला" असे उत्तर येते. हा अनुभव कित्येकांच्या वाट्याला आलेला आहे. माझ्या परिचयातील एका जोडप्याला अशी तीन घरे नाकारली गेली. चौथे मिळाले, तेव्हा त्यांनी ठरवून टाकले की कोणाच्या अध्यातमध्यात पडायचे नाही. कामावर जायचे, जुम्याची नमाज गाठायची, सुट्टीत गावी जायचे. अशा माणसाला "तू या वस्तीसाठी काहीतरी कर" असे सांगणे सोपे नाही. ज्या दाराने आपल्याला आत घेतले नाही, त्याच्या पायऱ्या आपण का झाडायच्या, हा त्याचा प्रश्न खरा आहे.

याचे उत्तर शोधताना मदीना आठवते. मक्केहून हिजरत करून आलेले मुहाजिर रिकाम्या हाताने आले होते. पैगंबरांनी (स.) एकेका मुहाजिराला एकेका अन्सारीचा भाऊ बनवले. हजरत साद बिन रबीअ (रजि.) यांनी हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना आपली निम्मी मालमत्ता देऊ केली. त्यांनी दुआ दिली, आभार मानले आणि बाजाराचा रस्ता तेवढा विचारला. अन्सारींनी दार उघडले हे त्यांचे मोठेपण. मुहाजिरांनी पाहुणे म्हणून बसून राहणे नाकारले, हेही तितकेच मोठे. मस्जिदे नबवीच्या बांधकामात दोघांनी मिळून विटा वाहिल्या आणि स्वतः पैगंबर (स.) त्यांच्यासोबत होते. पिण्याच्या पाण्याची अडचण होती, तेव्हा हजरत उस्मान (रजि.) यांनी रूमा नावाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. ते स्वतः मक्केहून आलेले होते. आपण या शहराचे झालो का, याची वाट पाहत ते थांबले नाहीत. कामातूनच ते शहराचे झाले.

आपल्या महाराष्ट्रातही असे दाखले आहेत. मे २०२० मध्ये, करोनाच्या काळात, इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने रमजानमध्ये ३६ लाख रुपये जमवले आणि तेथील इंदिरा गांधी सरकारी रुग्णालयात १० खाटांचा अतिदक्षता विभाग उभा करून दिला. तेथे कोणत्या धर्माचा रुग्ण येईल, हे कोणी विचारले नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारची कथा तर सर्वश्रुत आहे. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि दुष्काळाने रिकामे होत चाललेले ते गाव श्रमदानाने व पाण्याच्या काटकसरीने पुन्हा उभे राहिले. कोणते पीक घ्यायचे, पाणी किती वापरायचे, हे तेथे ग्रामसभेत ठरते. त्या गावात मुस्लिम कुटुंब एकच, आणि त्या एका कुटुंबासाठी गावाने मशीद बांधली. जे कुटुंब गावाच्या कामात असते, त्याची गरज गावाला आपली वाटते.

हिंजवडी हे हिवरे बाजार नाही, हे खरे. पण दोन्हीकडे कायदा एकच आहे. १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान दिले. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. त्यासाठी निवडून यावे लागत नाही की कोणाची ओळख लागत नाही. ग्रामपंचायत निधी कुठे खर्च करते, कोणती कामे आधी घेते, हे विचारण्याचा हक्क त्या सदस्याला आहे. आणि सभेची गणपूर्ती किती? मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. म्हणजे मोठ्या गावात फक्त १०० माणसे. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग मूठभर लोक बसून ठरवतात, आणि बाकीचे पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावरून त्यांना बोल लावतात.

हिंजवडीतील एका मोठ्या गृहसंकुलाच्या दोन इमारतींत १०० प्रौढ माणसे सहज निघतील. पण यादीत नाव नसेल, तर त्यांचा आवाज पाहुण्याचाच राहणार. उद्या हा भाग महापालिकेत गेला, तरी गणित बदलत नाही. तेथेही नगरसेवक आधी मतदार यादीच पाहतो.

म्हणून पहिले काम नाव नोंदवण्याचे. नवीन मतदाराने नमुना ६ भरावा. गावाकडे नाव असलेल्याने पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरावा. भाडेकरूलाही नोंदणी करता येते, नोंदणीकृत भाडेकरार हा पुरावा चालतो. नाव एकाच ठिकाणी ठेवता येते, त्यामुळे गावाकडचे मत सोडावे लागेल. अब्बांना थोडे वाईट वाटेल. पण आपली मुले ज्या रस्त्याने शाळेत जातात, त्या रस्त्याबद्दल बोलण्याचा हक्क कुठे असावा, हे त्यांना समजावून सांगता येते.

दुसरे काम माणसे जोडण्याचे. यात पुष्कळांची चूक होते. "सर्वांनी पुढे यावे" असे आवाहन केले की कोणीच पुढे येत नाही, कारण "सर्वांनी" म्हणजे दुसऱ्या कोणीतरी. वर उल्लेख केलेल्या जोडप्यातील भगिनीने वेगळे केले. मागच्या पावसाळ्याआधी तिने इमारतीच्या व्हॉट्सअॅप समूहावर काही लिहिले नाही. चार घरांची बेल वाजवली. "भाभी, रविवारी सकाळी एक तास द्या. फाटकाबाहेरच्या गटाराच्या जाळीत प्लास्टिक अडकले आहे, आपण ते काढू." शेजारच्या काकूंना म्हणाली, "तुम्ही फक्त खालून फोटो काढा." काम ठरलेले, वेळ ठरलेली आणि माणूसही ठरलेला. चारपैकी तिघी आल्या. पुढच्या रविवारी दोघींचे यजमानही आले. त्याच फोटोंसह त्यांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला, पोच घेतली आणि दर पंधरवड्याला आळीपाळीने एकीने जाऊन विचारणा केली. दीड महिन्याने जाळी बदलली गेली. तिला घर नाकारणारी मंडळी बदलली का, हे मला सांगता येणार नाही. पण तिच्या इमारतीत ती आता "ते वरचे भाडेकरू" राहिलेली नाही. पाणी आले नाही की पहिला फोन तिला येतो.

रस्त्यातील इजा देणारी वस्तू बाजूला करणे हा ईमानाचाच भाग आहे, ही शिकवण आपण मुलांना पाठ करून घेतो. हिंजवडीच्या रस्त्यावर तिला भरपूर वाव आहे.

भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र ग्रामसभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. मोठ्या सभेत बोलायला संकोच वाटत असेल, तर ही सभा आपल्यासाठीच आहे. पाण्याचा टँकर, अंगणवाडी, रात्रीचे दिवे हे विषय घरातील स्त्रीइतके कोणाला ठाऊक असतात? सभेची सूचना ग्रामपंचायतीच्या फलकावर आठवडाभर आधी लागते. तिचा फोटो काढून इमारतीत पाठवणे, हे काम अकरावीतला मुलगाही करू शकतो.

ज्यांना दोन वर्षांत दुसऱ्या शहरात जायचे आहे, त्यांनीही हात आखडता घेऊ नये. रक्तदान, शेजारच्या वृद्धांना दवाखान्यात नेणे, बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांना रविवारी दोन तास शिकवणे यांसाठी मतदार यादी लागत नाही. आणि चैत्रात यात्रेच्या गर्दीत पाणपोई लावायला हात कमी पडत असतील, तर गावकऱ्यांना जाऊन विचारावे. तहानलेल्याला पाणी पाजणे हे सवाबाचेच काम आहे.

गावकऱ्यांनाही एक विनंती आहे. हाक मारायला तुम्ही पुढे या. आलेली माणसे लाजतात, त्यांना रीत ठाऊक नसते. पारावरच्या त्या आजोबांना मी निघताना म्हणालो, "बाबा, एकदा कामाला लावून तर बघा." ते म्हणाले, "सभेला या. जागा हाय."